एकटीच्या नावाचं खातं

कराडच्या आमच्या बँकेत कुठलाही फॉर्म भरताना एका चौकोनात मी न वाचताच खूण करते. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. दोघांपैकी कोणीही, नाहीतर मागे राहील तो. लग्नानंतरचं आमचं प्रत्येक खातं, प्रत्येक ठेव अशीच होती. आधी यांचं नाव, मग माझं, खाली वारस म्हणून मुलाचं.

त्यामुळे २५ मार्च २०२४ ला थायलंडमधल्या चियांग माईच्या बँकेत काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, “व्हिसासाठी ना? मग एकच नाव,” तेव्हा मी पेन खाली ठेवलं. हे शेजारच्या खुर्चीत दोन्ही पासपोर्ट मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. “लिही की,” ते म्हणाले. साठीला टेकलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा फक्त स्वतःच्या नावाने खातं उघडलं. वारसाचा रकानाच त्या फॉर्मवर नव्हता.

थायलंडला जायचं आमच्या डोक्यात कधीच नव्हतं. २०२३ च्या जानेवारीत फिरायला म्हणून गेलो आणि शेवटचे बारा दिवस चियांग माईत राहिलो. सकाळी थंडी, दुपारी कोवळं ऊन, मागे दोई सुथेपचा डोंगर. भाड्याच्या बैठ्या घराला एकही पायरी नव्हती. माझे गुडघे ज्यांनी पाहिलेत त्यांना ‘एकही पायरी नाही’ याचा अर्थ कळेल. कराडला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. चियांग माईत मी रोज मंडईत जात होते. शेपू, कारली, शेवग्याच्या शेंगा, सगळं ओळखीचं. परत आल्यावर महिनाभर आम्ही दोघंही तेच बोलत होतो, आणि मग एका रात्री ह्यांनी विचारलं, “राहायला जायचं झालं तर काय लागतं?”

लागतं ते असं. वय पन्नास किंवा त्याहून जास्त. आणि थाई बँकेत आठ लाख बाट, नाहीतर दरमहा ६५ हजार बाटांचं उत्पन्न, नाहीतर दोन्हींची बेरीज वर्षाला आठ लाख होईल असं काही. तेव्हा एक बाट दोन रुपये तीस पैशांच्या आसपास होता. म्हणजे दरमहा दीड लाख रुपये. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरणीचं पेन्शन तिथवर पोचत नाही. पूर्वी काही देशांचे दूतावास आपल्या नागरिकाला उत्पन्नाचं पत्र देत आणि ते चाले. २०१८-१९ च्या सुमाराला ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांनी ती पत्रं बंद केली. पत्र नसेल तर पैसे दरमहा थाई खात्यात येताना दिसावे लागतात. आमच्यासाठी वाट एकच होती, आठ लाखांची.

हे आठ लाख खर्चायचे नसतात, आणि हीच गोष्ट मी आमच्या नातेवाइकांना कधी नीट समजावू शकले नाही. १ मार्च २०१९ पासूनचा नियम आहे: मुक्कामाच्या वर्षभराच्या मुदतवाढीचा अर्ज करण्याआधी दोन महिने ते खात्यात पडून हवेत, मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने तसेच राहायला हवेत, आणि त्यानंतरही वर्षभर शिल्लक चार लाखांच्या खाली जाता कामा नये. पुढच्या वर्षीच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा आठ. माझ्या नणंदेने विचारलं, “मग ही फी का?” फी नव्हे. फी वेगळी, एक हजार नऊशे बाट. हे आपलेच पैसे, आपल्याच नावावर, फक्त त्यांना हात लावायचा नाही.

अर्जदार कोण, हा प्रश्न आमच्या घरात एका मिनिटात सुटला आणि नंतर कितीतरी दिवस मनातून गेला नाही. ह्यांचा छापखाना होता. ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या म्हणजे छापायच्या सुट्या अक्षरांच्या केसेस, दोन कामगार. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, शाळेच्या प्रगतिपुस्तकांचे कागद. खिळे जुळवायला यांच्यासारखा हात तालुक्यात नव्हता. मग ऑफसेट आलं, संगणक आले, आणि छापखाना हळूहळू फक्त दिवाळीपूर्वी आणि लग्नसराईत जागा व्हायला लागला. त्यातून मुलाचं शिक्षण झालं, घराचे हप्ते फिटले, पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ज्याला साठवलेलं म्हणता येईल असं काही नाही. ते सगळं माझ्या नावावर आलं, ३१ मे २०२२ ला, ३६ वर्षांच्या नोकरीनंतर.

थाई नियमात यालाही जागा आहे. दोघांपैकी एकाने आठ लाख दाखवले की दुसरा त्याच्यावर अवलंबून म्हणून राहू शकतो, त्याचे वेगळे आठ लाख लागत नाहीत. अवलंबून. फॉर्मवरचा इंग्रजी शब्द मुलाने वाचून दाखवला तेव्हा ह्यांनी चष्मा काढून पुसला. ज्या माणसाने लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी “तुझे पैसे तुझ्याजवळच ठेव, घर मी बघतो” असं म्हटलं होतं आणि जमेल तितकी वर्षं ते पाळलंही होतं, त्याच्यासाठी मला तो शब्द खोडावासा वाटला. खोडता येत नव्हता.

आणि अवलंबून आहे हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला हवा. आमच्याकडे तो नव्हताच. १९८७ च्या मे महिन्यात, मांडवात, तीनशे माणसांसमोर झालेल्या लग्नाची नोंदणी आमच्यासारख्यांच्या घरात कोण करत होतं? २०२३ च्या पावसाळ्यात, ३६ वर्षांनी, आम्ही लग्न नोंदवायला गेलो. लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार आणा, भटजींची सही आणा, लग्नपत्रिका आणा. भटजी जाऊन वीस वर्षं झालेली, त्यांच्याऐवजी प्रतिज्ञापत्र. साक्षीदार शोधताना मी आणि माझी धाकटी बहीण फोटोंचा अल्बम घेऊन बसलो आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेलो. गेले. हेही गेले. ही कुठे असते काय माहीत. शेवटी बहीण स्वतः, ह्यांचे एक मित्र, आणि तेव्हा नऊ वर्षांचा असलेला, करवलीच्या मागे मागे फिरणारा भाचा, असे तिघं मिळाले.

पत्रिका मात्र घरातच सापडली. छापखाना विकताना ह्यांनी नमुन्यांची जाडजूड फाइल ठेवली होती, गिऱ्हाइकाला दाखवायची असते तशी. तिच्यात पहिल्याच पानावर आमची पत्रिका डकवलेली होती. तपकिरी शाई, वर गणपतीचा ब्लॉक, आणि माझं माहेरचं नाव बाकीच्यांपेक्षा एक नंबर मोठ्या खिळ्यात. हे मला माहीतच नव्हतं. ३६ वर्षांत मी ती पत्रिका कितीदा पाहिली असेल, पण खिळ्याचा आकार कधी पाहिला नव्हता. विचारलं तर म्हणाले, “जागा उरली होती.” नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “कुठे छापलीत हो? किती सुबक आहे.” ह्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. मी सांगितलं.

दाखल्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग थाई वकिलातीचा, मग भाषांतर. ते सोपस्कार झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पैशांचं मात्र सविस्तर सांगते, कारण या वाटेने जाणाऱ्या कोणाला ते उपयोगी पडेल. माझे पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत होते. जुलै २०२२ मध्ये गुंतवले तेव्हा ७.४ टक्के व्याज होतं. दर तिमाहीला २७,७५० रुपये खात्यात पडत. ते आमचं किराणा, औषधं आणि दूधवाला होते. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मोडलं तर दीड टक्का कापतात, म्हणजे साडेबावीस हजार. मोडलं. उरलेल्यासाठी एक मुदत ठेव मोडली. थाई बचत खात्यावर व्याज नावापुरतंच. तेव्हा या व्हिसाची खरी किंमत त्या एक हजार नऊशे बाटांत मोजू नये. माझ्या लेखी ती दर तीन महिन्यांनी न येणारे २७,७५० रुपये आहे.

बाहेर पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना आहे, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. आपल्याला एवढे कुठे लागतात! अडचण दुसरीच होती. तेव्हाच्या नियमाने आर्थिक वर्षात सात लाखांवर जे पाठवाल त्याच्या २० टक्के कर बँक आधीच कापून घेई. (२०२५ च्या एप्रिलपासून ती मर्यादा दहा लाख झाली.) तो कर बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर अडकतो. म्हणून आम्ही मार्चअखेर आणि एप्रिलची सुरुवात असा मुहूर्त धरला: ३१ मार्चच्या आत सात लाख, नव्या वर्षात बाकीचे. दुसऱ्या हप्त्यावर तरीही ९४ हजार कापले गेले. बाहेर पैसे पाठवायचे, सह्या केलेले ए-टू फॉर्म मी मुलाजवळ ठेवून आले होते. इथून खाते क्रमांक कळवायचा आणि त्याने शाखेत जाऊन बसायचं.

मुलाला हे सगळं मान्य नव्हतं. “आई, वीस लाखांच्या आसपासचे पैसे तू परक्या देशात असे ठेवतेस की तुलाही काढता येणार नाहीत,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. २०१९ मध्ये एका सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा माझ्या मैत्रिणीला स्वतःच्या पैशांसाठी रांगेत रडताना मी पाहिलेलं आहे. म्हणून मी पहिली गोष्ट तीच शोधली. आपल्याकडे ठेवींना पाच लाखांचं विमासंरक्षण आहे. थायलंडमध्ये एका बँकेत एका माणसाला दहा लाख बाटांपर्यंत आहे. आठ लाख त्यात बसतात. दुसरी गोष्ट कराची. २०२४ पासून वर्षात १८० दिवस तिथे राहणाऱ्याने बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर थायलंड कर लावू शकतं, पण १ जानेवारी २०२४ च्या आधीची बचत त्यातून वगळली आहे. माझे पैसे २०२२ चे. मी कागदपत्रं जपून ठेवली.

आता दिवसांचं गणित. मुंबईहून मिळालेला व्हिसा ९० दिवसांचा. आम्ही १४ मार्चला उतरलो, म्हणजे ११ जूनपर्यंत. त्यातले पैसे मुरायचे दोन महिने काढले की हातात एकच महिना उरतो. या महिन्यात घराचा करार, इमिग्रेशनकडून राहत्या पत्त्याचा दाखला, खातं, आणि पैसे पोचणं. त्यात मार्च म्हणजे चियांग माईचे धुराचे दिवस. आजूबाजूची शेतं आणि जंगलं जळत असतात, दोई सुथेप समोर असून दिसत नाही. मास्क लावून आम्ही या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरलो. एकदा रस्त्यातच उभी राहून मी म्हटलं, “अहो, आपण चुकलो का?” ते म्हणाले, “आधी पाणी पी.”

५ एप्रिलला, शुक्रवारी, पासबुक भरून घेतलं. दोन्ही हप्ते आले होते. शिल्लक सात लाख अठ्ठ्याण्णव हजार चारशे साठ बाट. मधल्या कुठल्याशा बँकेने आपला आकार कापून घेतला होता आणि मुलाने अगदी नेमका हिशेब करून पाठवले होते. एक हजार पाचशे चाळीस बाट कमी. दोन महिने मोजायला लागतात ते आठ लाख पूर्ण होतील त्या दिवसापासून. माझ्या पर्समध्ये आठशे होते. ह्यांनी खिशातून पाकीट काढलं, नोटा मोजल्या, बाराशे निघाले. आठवड्याच्या भाजीचे आणि त्यांच्या चहाचे. दोन हजार भरले, पासबुक पुन्हा छापलं. आठ लाख चारशे साठ.

चार दिवसांनी पाडवा होता. बांबूला माझी साडी बांधली, कडुनिंब शेजारच्या आवारातून मागून आणला. भाजी मात्र तेवढी साधीच झाली.

थाई भाषेत बँकेला ‘थनाखान’ म्हणतात. ऐकून मी चमकले होते, धनागार! आणि शिक्षकाला ‘ख्रू’, म्हणजे आपला गुरू. ७ जूनला इमिग्रेशनच्या खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी माझा मुदतवाढीचा टीएम ७ फॉर्म चाळला, बँकेचा दाखला पाहिला, ज्यावर थाई सन २५६७ होतं, पासबुकाचं पान न् पान उलटून तारखा तपासल्या. मग आधीचा व्यवसाय वाचून मान वर केली आणि हात जोडून म्हणाल्या, “ख्रू.” त्यानंतर त्यांचा आवाजच बदलला. मी इतकी वर्षं वर्गात उभी राहिले ते पासबुकात कुठे दिसत नव्हतं, पण खिडकीपलीकडे पोचलं होतं.

माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला. मग ह्यांचा घेतला, माझा त्याला जोडला, आणि त्यांचा शिक्का माझ्या शिक्क्याच्या आधाराने बसला.

ऑगस्टमधली ती रात्र मी आजवर मुलालाही पूर्ण सांगितलेली नाही. ह्यांचा जुना हर्निया होता, तो अडकला. अकरा वाजता पोटात असह्य दुखायला लागलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आत्ताच शस्त्रक्रिया. काउंटरवर आगाऊ रक्कम मागितली, ५० हजार बाट. रोजच्या खर्चाच्या दुसऱ्या खात्यात एकतीस हजार होते. आणि पर्समध्ये दुसरं कार्ड, ज्याच्यामागे आठ लाख.

जून, जुलै, ऑगस्ट. तीन महिने पूर्ण व्हायला अजून दिवस होते. मी त्या काउंटरसमोर उभी राहून ते दिवस मोजले. स्ट्रेचरवर माझा नवरा कण्हत होता आणि मी बोटांवर दिवस मोजत होते. त्यांनीच हाक मारली. म्हणाले, “त्याला हात लावू नकोस. भारतातलं कार्ड चालव.” चाललं, दोनदा मिळून. बाकीचे सकाळी मुलाने पाठवले. शस्त्रक्रिया वेळेत झाली, चार दिवसांत घरी आलो.

पण मोजले ते मोजले. नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. म्हातारपणी येऊन बसणाऱ्या परक्या माणसाचा बोजा आपल्यावर पडू नये, असं कुठल्याही देशाला वाटणारच, आणि आजारपणाचा खर्च हाच त्यातला सगळ्यात मोठा बोजा. तरी मला एक कळत नाही: ज्या दिवशी तो खर्च दारात उभा राहतो, त्या दिवशी ते पैसे हात बांधून का बसावेत? निदान इस्पितळासाठी दार उघडं असावं. मी माझ्यापुरतं ठरवलंय. पुढच्या वेळी मोजणार नाही. व्हिसा गेला तर कराड आहे, दुसरा मजला आहे.

त्या आठवड्यानंतर मी दुसरा विचार करायला लागले. हे घरात हळूहळू चालायचे आणि मी त्यांच्याकडे बघत असायची. मी आधी गेले तर? इकडे ‘मागे राहील तो’ नाही. खातं गोठतं, न्यायालय वारसाव्यवस्थापक नेमतं, मग पैसे सुटतात. आणि माझ्या आधारावरचा त्यांचा शिक्काही माझ्याबरोबर संपतो. बायको गेल्याच्या आठवड्यात माणसाने परक्या भाषेत स्वतःचे वेगळे आठ लाख दाखवायची धडपड करायची. मी वकिलाकडे जाऊन थाईत मृत्युपत्र करून घेतलं, त्यातला शब्दन् शब्द समजून घेतला, आणि कराडच्या एका ठेवीवर फक्त ह्यांचं नाव ठेवलं. आमच्या घरातली तीही पहिलीच. “हे कशाला?” त्यांनी विचारलं. “जागा उरली होती,” मी म्हटलं.

नोव्हेंबरात मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला दिला. इथे दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद करावी लागते, टीएम ४७. मुलगा म्हणतो, दोन सरकारांना तू जिवंत असल्याचं सांगत असतेस. मला त्याचा त्रास होत नाही. फेब्रुवारीत धूर सुरू व्हायच्या आत आम्ही कराडला आलो. निघताना एक हजार बाट भरून परत यायचा परवाना घ्यावा लागतो, नाहीतर विमान सुटलं की वर्षाची मुदतवाढ संपली. एप्रिलअखेर परतलो तेव्हा पहिल्या पावसाच्या सरी झाल्या होत्या आणि डोंगर जागेवर होता.

२०२५ च्या जूनमध्ये मुदतवाढीचा दुसरा अर्ज. वर्षभर आठ लाखांतला एक बाटही हलला नव्हता. अर्जाच्या दिवशी पासबुकात त्याच दिवसाची नोंद दिसावी लागते, नाहीतर शिल्लक आजची आहे कशावरून? म्हणून इथे सगळे करतात तेच करायचं: सकाळी बँकेत जाऊन शंभर बाट भरायचे, की आजची तारीख छापली जाते.

काउंटरवर तीच मुलगी होती. मी पर्स उघडत होते, तेवढ्यात ह्यांनी शर्टाच्या खिशातून नोट काढली. दोन वेळा घडी घातलेली, लाल, शंभरची. ती हाताने सपाट केली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कागद मशीनला लावण्याआधी करायचे तशी, आणि माझ्या पासबुकात ठेवून काचेखालून पुढे सरकवली.